आजोळचं रक्त

माझी लघवी कोकमाच्या आगळासारखी झाली, तिथून हे सगळं सुरू झालं.

वाक्य असभ्य वाटत असेल तर वाटू द्या. दवाखान्यात मी हेच वाक्य लाजून गिळलं, 'जरा अशक्तपणा वाटतो' एवढंच म्हणत राहिलो, आणि त्या लाजेपायी मरणाच्या दारात जाऊन आलो. तुमच्यापैकी कोणाला असं झालं तर बाटलीत धरून सरळ डॉक्टरच्या टेबलावर ठेवा. त्याला किळस आली तर त्यानं दुसरा धंदा बघावा.

मी चोवीस वर्षांचा. आमची निर्मळच्या बाजूला केळी-पानवेलीची वाडी आहे. मी वाडी कमी बघतो. वसईत एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवतो आणि उरलेल्या वेळात मिठागरांवरच्या मजुरांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहितो. मला लिहिता येतं ते कोणाच्या तरी विरुद्ध. आजारपण विरुद्ध पक्षात बसत नाही, त्यामुळे हे लिखाण जमेल की नाही ठाऊक नाही. शिवाय मी थकलोय. पूर्वी माझ्या पत्रकात चार ओळींत तीन उद्गारचिन्हं असत. आता एक लावायलाही हात जड होतो.

घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ती सगळ्यांना कळणार नाही, म्हणून माणसांची बोलणी जरा छापील करून देतोय. संघटनेतल्या गोविंदाचं तेवढं जसंच्या तसं ठेवलं आहे, कारण ते बदललं तर तो मला मारेल.

गोळ्या

पाऊस ओसरल्यावर जूचंद्रला मिठागराच्या बांधावर आमची सभा होती. डासांनी फोडून काढलं. हिवताप आला. ताप येणं आमच्याकडे बातमी नव्हे. दवाखान्यात आधी कोयनेल मिळालं, मग 'पुन्हा उलटू नये' म्हणून दुसऱ्या, नव्या गोळ्या. त्या घेऊन दोनतीन दिवस गेले आणि वर सांगितलेला प्रकार झाला. मग पाठ दुखायला लागली. मग विहिरीपासून ओटीपर्यंत येताना मध्ये केळीच्या बुंध्याला धरून उभं राहावं लागलं.

पहिल्यांदा ओळखलं आत्यानं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकर विधवा होऊन परत आली ती कायमची. घरात तिचा आवाज शेवटचा. तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"डोळे हळदीचे झालेत याचे," ती म्हणाली. आणि मग, माझ्याकडे न बघता, स्वैपाकघराच्या दिशेनं, "दामूसारखे."

आतून भांड्याचा आवाज येत होता, तो थांबला.

दामू म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, आगाशीचा. आई लग्न होऊन आमच्या घरी आली आणि पंधरवड्यात तिकडे तो गेला. दहा वर्षांचा होता. पिवळा पडला, काळं मुतला आणि गेला. तेव्हापासून आमच्या घरात ही गोष्ट भिंतीतल्या खुंटीसारखी आहे, काही टांगायचं असलं की आत्या तिच्यावर टांगते. केळीवर रोग पडला, म्हैस आटली, मी शाळेत नापास झालो, की "पावलंच तशी" किंवा "आजोळचं रक्त". आई कधी उलटून बोलली नाही. लहानपणी मला वाटे तिला ऐकूच कमी येतं.

पत्रकं लिहायला मी या दोन शब्दांमुळेच शिकलो असेन. 'रक्त सगळ्यांचं एकच' या मथळ्याखाली मी एकदा लांबलचक मजकूर लिहिला होता. तुळिंजच्या बाजारात वाटला. एका भाजीवालीनं त्यात मिरच्या बांधून दिल्या, म्हणजे वाचकांपर्यंत तर गेलाच.

कावीळ उतरवणाऱ्यालाही बोलावलं. त्यानं माझे हात चुन्याच्या पाण्यात धुतले, पाणी पिवळं झालं, आत्याचं समाधान झालं. या गृहस्थाच्या विरुद्ध मी पूर्वी पत्रक काढलेलं. त्यालाही आठवत होतं. हात चोळताना हसत होता लेकाचा. मी हात दिले, कारण हात मागे घ्यायला ताकद लागते.

इस्पितळ

मग मुंबईला नेलं. सरकारी इस्पितळात, लांबलचक खोलीत, खाटांच्या दोन रांगा.

इस्पितळात माणूस आजारानं थकतो तेवढाच दिनक्रमानं. उजाडायच्या आधी अंग पुसतात. तोंडात ताप मोजायची काच खुपसतात. चहा येतो तो झोप लागत असताना, आणि भेटायला माणसं सोडतात ती ग्लानी असताना. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे गृहस्थ सगळ्या डॉक्टरांना 'बाळ' म्हणत. मला म्हणत, "बाळ, तू नुसता पडून राहा. इथं जो उठून बसतो त्याला झाडू देतात."

अशक्तपणा या शब्दाचा अर्थ मला तिथे कळला. केस विंचरायचे तर अर्ध्यात हात खाली ठेवायचा, थोडा वेळ घ्यायचा, मग उरलेले. कोणी विनोद केला तर हसायचं की नाही हे ठरवावं लागतं, कारण हसलं की धाप लागते. भीतीसुद्धा पूर्ण वाटत नाही. भ्यायलाही अंगात काहीतरी असावं लागतं.

लहानसहान दया मात्र झाल्या, त्या लिहायलाच हव्यात. वॉर्डातली एक सिस्टर आमच्या वसईची निघाली. गिरिजाघराच्या मागच्या आळीतली. मी कुठला ते कळल्यावर ती रोज सकाळी माझ्या चहाबरोबर पावाचा मऊ, मधला भाग ठेवू लागली. कडक कडा स्वतः खायची. "तुझ्या दातांत जोर नाही, माझ्या आहे," म्हणायची. या विषयावर आमचं याहून जास्त बोलणं झालं नाही.

आणि गोविंदा. जूचंद्रचा, मिठागरावर फावडं मारणारा, संघटनेतला माझा जोडीदार. रक्त द्यावं लागेल म्हटल्यावर हा बाह्या वर करूनच आला. त्याचं जुळलं. बाटली टांगली गेली तेव्हा खाटेशी उभा राहून तो म्हणाला, "आता तुज्यात मिठागराचं पानी हाय. भाषन खारट व्हनार बग तुजं."

"आधी गोडं होतं का?"

"आधी नुसतं लांब हुतं."

भेटीच्या वेळी आत्या वडिलांबरोबर आली होती. तिनं बाटलीकडे पाहून विचारलं, "कोणाचं आहे?"

"माजं, आत्याबाय," गोविंदा म्हणाला. "चव बगायची?"

आत्या खिडकीकडे जाऊन उभी राहिली. वडील बोलत नाहीत. त्यांनी गोविंदाच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. माझ्या आठवणीत वडिलांनी केलेलं हे सगळ्यांत मोठं भाषण.

जरा बरं वाटल्याबरोबर मी उशाखालून कागद काढला आणि दवाखान्याच्या विरुद्ध पत्रक लिहायला घेतलं. भेसळीच्या गोळ्या, गरिबांच्या जिवाशी खेळ, जबाबदार कोण, वगैरे. रक्त तपासणारे डॉक्टर फेरीला आले, त्यांनी ते उचलून वाचलं. पन्नाशीचे, किरकोळ बांध्याचे, सतत चिडल्यासारखे दिसणारे. मला ते आवडले, कारण मीही तसाच दिसतो.

"या गोळ्या जूचंद्रला आणखी कोणी घेतल्या?"

"अर्ध्या गावानं."

"त्यातलं आणखी कोण काळं मुतलं?"

मी आठवून पाहिलं. "कोणी नाही."

"मग गोळ्या कशा वाईट? खाणाऱ्यात काहीतरी वेगळं असणार." कागद माझ्या छातीवर ठेवून ते पुढच्या खाटेकडे गेले. जाताना म्हणाले, "काय ते अजून मला माहीत नाही. तोवर या गोळ्या पुन्हा घेऊ नका."

इस्पितळातून सुटल्यावर काही आठवडे मुंबईतच काकांकडे राहिलो, तपासणीला जाता यावं म्हणून. तिथे ओठांना रंग आला. जिना चढायला लागलो. थंडी पडली तेव्हा घरी आलो.

घरी

आईनं मला लहान मुलासारखं ताब्यात घेतलं. वाऱ्याच्या बाजूची खिडकी बंद. पलंग आतल्या खोलीत. आणि मोठी पेटी उघडून वडिलांची लग्नातली शाल काढली. ती शाल कोणी कधी वापरलेली मी पाहिली नव्हती. तिनं ती माझ्या डोक्यावरून घेऊन पायांपर्यंत अशी गुंडाळली की फक्त नाक बाहेर. शालीला स्वच्छ, तिखटसर वास होता. सणाच्या दिवशी पेटी उघडली की येतो तो. मला तो फार आवडे. दिवसभर मी त्यात नाक खुपसून पडे आणि आई येताजाता कडा आत खोचून जाई.

आठवडाही गेला नसेल. एका सकाळी परत तेच. आगळ.

आत्या दारात उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हिशेब मांडल्यासारखी सावकाश बोलली. "इस्पितळात बरा होता. काकाकडे बरा होता. हिच्या हाताखाली आला आणि पिवळा पडला. मी काही बोलत नाही. ज्यानं त्यानं बघावं."

मला त्यावर भांडायचं होतं. तोंडात शब्द तयार होते, वर्षानुवर्षं तेच तर करतोय. आवाज निघाला नाही. अंगात रक्त नसेल तर संताप नुसता डोळ्यांत पाणी होऊन येतो आणि समोरच्याला वाटतं रडतोय.

त्या दिवसापासून आईनं मला हात लावला नाही. पेज करून उंबऱ्याशी ठेवी आणि वडिलांना हाक मारी. मी म्हटलं, "आई, आत ये." ती म्हणाली, "इथून दिसतोस तू मला." मी म्हटलं, आत्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवतेस? त्यावर जे म्हणाली ते मी विसरू शकत नाही.

"दामूच्या वेळी मी ठेवला नव्हता रे. पण दोनदा कसं होईल सांग?" मग म्हणाली, "मी आगाशीला जाते. तू चांगला होईपर्यंत. नाहीतर राहीनच तिकडे. मी नसले तर जगशील ना, मग झालं."

मला मरणाची भीती एव्हाना फारशी उरली नव्हती. पण मी जगलो आणि त्याचा पुरावा म्हणून माझी आई आयुष्यभर दुसऱ्या गावी राहिली, ही कल्पना सहन होईना.

वडील आणि गोविंदा मला परत मुंबईला घेऊन गेले. शालीसकट. आई केळीच्या बांधावर उभी होती, जवळ आली नाही.

खिळे

रक्त तपासणारे डॉक्टर माझ्या खाटेशी वाकले आणि थबकले. त्यांनी शालीचं टोक नाकाशी नेलं.

"ही कुठे होती?"

"घरी. पेटीत."

"डांबरगोळ्या घालून?"

"लोकरीचं कापड आहे, घालणारच," वडील म्हणाले.

"काढा. बाहेर न्या. या माणसाजवळ पुन्हा आणू नका." मग सिस्टरकडे वळून, जवळजवळ आनंदानं, "याच्या रक्ताची ती नवी चाचणी लावा."

चाचणीचं पुराण मी सांगत नाही, मला कळलंही नाही. पण मी जरा बसता झाल्यावर डॉक्टर माझ्या खाटेवर बसून जे बोलले ते कळलं, कारण मी काय काम करतो हे त्यांनी आधी विचारून घेतलं होतं.

"तुमच्या केसमध्ये खिळ्यांची घरं किती?"

"मराठीची? शेकड्यांनी. जोडाक्षरं धरून."

"शरीराचं काम विसांत भागतं. वीस तऱ्हेचे खिळे. ते एकापुढे एक लावून प्रत्येक पेशी आपली प्रथिनं जुळवते. कोणता खिळा कुठे, याचा मजकूर पेशीच्या पोटात एका डबीत असतो. मूळ प्रत. तिची नक्कल बाहेर येते आणि तिच्याबरहुकूम जुळणी होते."

"नक्कल वाचतं कोण? जुळारी कोण?"

"तेच तर! त्यावर विलायतेत सध्या मारामारी चालू आहे. कळलं की सांगतो." ते खरोखर हसले. "तुमच्या मूळ प्रतीत एका जागी चूक आहे, इतपत म्हणू. त्यामुळे तुमचं एक प्रथिन दुबळं जुळतं. काम करतं, पण टिकत नाही. त्याचं काम काय? तांबड्या पेशीला विषापासून सांभाळणं. एरवी निभतं. पण त्या हिवतापाच्या गोळ्या पोटात गेल्या, किंवा डांबरगोळ्यांचा वास अंगात मुरला, की पेशी पटापट फुटतात. फुटलेलं रक्त लघवीतून जातं. काळं ते तेच."

"मग पेशीनं नवं प्रथिन जुळवावं की."

"तीच गंमत आहे. तांबडी पेशी रक्तात उतरते तेव्हा ती डबी मागे टाकून येते. मूळ प्रतच नाही, जुळणार काय? बरोबर आणलेल्या मालावर जेमतेम चार महिने काढायचे."

मी पत्रकं वाटायला लांबच्या गावी जातो तेव्हा माझंही तसंच होतं. पिशवीत आहेत तेवढीच. चूक दिसली तरी छापखाना मागे राहिलेला. एवढ्या सगळ्या दिवसांत मला स्वतःच्या रक्ताबद्दल पहिल्यांदाच जरा माया वाटली. बिचारं काम तर करत होतं.

"शालीनं इतकं होतं?" मी विचारलं.

"तान्ह्या मुलांना झालेलं वाचलंय, पेटीतल्या कपड्यांत गुंडाळल्यावर. मोठ्या माणसाला पहिल्यांदा पाहतोय. शपथेवर सांगणार नाही. पण तुम्ही नाकापर्यंत गुंडाळून, खिडक्या लावून पडला होता. आणखी काही नवीन पोटात गेलं होतं?"

"पेज."

"मग शालच."

म्हणजे कोणाचाच दोष नव्हता. दवाखान्याचा नाही, गोळ्यांचा नाही, मिठागराच्या मालकाचा तर दुर्दैवानं नाहीच. मी शोधत होतो. ज्याच्यावर पत्रक काढावं असा एकही माणूस यात नव्हता, आणि त्यानं हायसं वाटायच्या ऐवजी आणखी दमल्यासारखं झालं.

डॉक्टर उठता उठता म्हणाले, "आईच्या माहेरी कोणी मुलगा असा गेला होता का?"

माझ्या तोंडून कसंबसं 'मामा' निघालं.

"वाटलंच. ही चूक आईकडून मुलाकडे येते. बायकांना स्वतःला सहसा त्रास होत नाही. भावाला, मुलाला होतो."

म्हणजे आत्या खरं बोलत होती. ज्या दोन शब्दांशी मी जन्मभर भांडलो ते एका प्रयोगशाळेतून, चाचणी होऊन परत आले होते. आजोळचं रक्त. आणि त्यावर शाल पांघरली तीही आईनंच.

"हे आईला सांगितलं नाही तर?" मी विचारलं. "शालीचं सांगतो. रक्ताचं नाही."

"तिला बहिणी आहेत?"

"एक. आगाशीला, माहेरच्याच घरी असते."

"तिला मुलगे?"

"दोन."

हिवताप आगाशीलाही येतो. पेट्या आगाशीलाही असतात.

"म्हणजे सांगायला हवं," मी म्हटलं.

"तुम्ही तर सांगण्याचाच धंदा करता," ते म्हणाले आणि गेले.

ओटीवर

घरी आलो तेव्हा आईचं गाठोडं बांधून तयार होतं. मी आलो की तिनं निघायचं असं ठरलेलं. आत्या सुपारी कातरत होती. वडील दाराला टेकून उभे.

येताना मी वाटेत पुष्कळ जुळवाजुळव केली होती. तोंड उघडल्यावर सगळी विस्कटली. मी सरळ सांगून टाकलं. मूळ प्रत, वीस खिळे, दुबळं प्रथिन. आईला खिळे कळणार नाहीत म्हणून मण्यांची माळ म्हटलं. एक मणी चुकीचा ओवला गेलाय, आणि तो मुलाला आईकडून येतो.

आत्याचा अडकित्ता थांबला. "म्हणजे मी काय म्हणत होते?" तिचा आवाज चढला. "इतकी वर्षं काय म्हणत होते मी? तर हा माझ्यावर पत्रकं काढायचा! आता इस्पितळानं सांगितलं ना? आजोळचंच रक्त!"

"हो," मी म्हटलं. "आजोळचंच."

आईनं गाठोड्याला हात घातला.

"पण नुसत्या रक्तानं कोणी मरत नाही!" मी ओरडलो. बऱ्याच महिन्यांनी ओरडलो, दम लागला. "मी चोवीस वर्षं त्याच रक्तावर जगलो. वर विष लागतं. त्या गोळ्या. नाहीतर पेटीतल्या डांबरगोळ्या. शालीला होत्या त्या."

"शाल मी घातली," आई म्हणाली.

"तुला माहीत नव्हतं. डॉक्टरलासुद्धा कालपरवा कळलं."

आई खाली बसली. मला वाटलं आता ही रडेल. पण बोलली आत्या, आणि आवाज तिचा वाटेना.

"शालीनंच होतं का रे ते? की कोटानंही?"

"कसला कोट?"

आत्यानं आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे बघत होती. तिला कळून चुकलं होतं, आत्याच्याही आधी, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय.

"कानपिळीला दिला होता दामूला," आत्या म्हणाली. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि नवरदेवाकडून पोशाख घेऊनच कान सोडतो. आमच्याकडून सदरा ठरला होता. "म्हटलं माघाची थंडी आहे, पोर बारीक आहे. बाबांचा गरम कोट पेटीत नुसता पडून होता. मीच काढला. गुडघ्यापर्यंत येत होता त्याला. नाचला नुसता. उतरवीना अंगातून. झोपला त्यातच." तिनं अडकित्ता खाली ठेवला. "खिशात गोळ्या राहिल्या होत्या पांढऱ्या. त्यांनी तो गोट्या खेळत होता अंगणात. मी हसले होते."

आता मला शत्रू मिळाला होता. इतक्या वर्षांचे टोमणे, म्हशीपासून केळीपर्यंत टांगलेले, आणि कोट या घरातला, पेटी या घरातली, हात हिचा! माझ्या डोक्यात मथळा जुळून तयार झाला. मी तोंड उघडलं.

"वसंता, गप," आई म्हणाली.

मला तिनं असं कधीच म्हटलं नव्हतं. मग ती आत्याला म्हणाली, "वन्सं, मी शाल घातली. तुम्ही कोट घातलात. पोरांना ऊब राहावी म्हणूनच ना? आता त्यात तुमचं काय नि माझं काय."

आत्याच्या हातातली सुपारी तशीच होती.

आई उठली. "मला आगाशीला जायलाच हवं. ताईला सांगायला हवं. तिची पोरं आहेत."

"मी येते," आत्या म्हणाली.

दामू गेल्यापासून आमच्या घरातलं माणूस आगाशीच्या घरात जेवलं नव्हतं. आई जायची ती दिवसाउजेडी जाऊन परत यायची. आत्या तर कधीच नाही. आई म्हणाली, "वन्सं, तुम्ही कशाला? ते लोक काय बोलतील."

"बोलू दे. कोट मी दिला. मीच सांगायला हवं."

दोघी सकाळच्या गाडीनं गेल्या. मी दिवसभर ओटीवर पडून होतो. माझ्यात उठायचं बळ नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिथे माझं कामही नव्हतं. वडिलांनी मोठी पेटी अंगणात आणून सगळे कपडे उन्हात घातले.

दिवस कलल्यावर दोघी परत आल्या. आई न्हाणीकडे गेली. आत्या पायरीवर बसली, चप्पल काढली, तळवे चोळत राहिली.

"सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

"रडली तुझी मावशी. पुष्कळ रडली. पेटी ओढून बाहेर काढली आम्ही तिघींनी. मग जेवायला वाढलं तिनं." आत्यानं दुसरा तळवा चोळायला घेतला. "बोंबलाचं कालवण होतं. मीठ फार पडलं होतं त्यात. मी काही बोलले नाही."